मुंजीतला घास आणि चार हजार फॉलोअर

"मुलगी 24 वर्षांची, बी.कॉम. सहा महिन्यांपूर्वी अकाउंट्सची नोकरी सोडून तिने फोटोग्राफी सुरू केली. कॅमेरा आणि दोन लेन्स हप्त्यावर घेतल्यात. इन्स्टाग्रामवर चार हजार फॉलोअर आहेत, पण कामं मिळाली पाच, आणि त्यातली तीन नात्यातली, पाकिटावर झालेली. आता एक जण महिना पंधरा हजारांत मार्केटिंगचं पॅकेज देतो म्हणतोय. हे म्हणतात, एफडी मोडू आणि पलासियाला स्टुडिओ टाकून देऊ. मला वाटतं, तिने पुन्हा नोकरी धरावी. आणि स्थळं येतात तेव्हा मुलगी काय करते म्हणून सांगू?"
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, नमस्कार.

एफडी मोडू नका. पॅकेजही घेऊ नका. आणि नोकरीचं म्हणाल तर तुमचं निम्मं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी त्या चार हजारांचं बघू. मुलीचं खातं प्रोफेशनल असेल तर फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत हे ॲपच दाखवतं. तिला ते उघडून बघायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या यादीत बहुतेक दुसरे फोटोग्राफरच असतात, एकमेकांना हृदयं पाठवणारे. ती मंडळी कौतुक करतील, पण घरच्या कार्याला बोलावणार नाहीत. पॅकेजवाला याच आकड्याचे आठ हजार करून देईल, आणि कामं पाचाची सहा होतील.

तिच्या पानावर काय आहे तेही मी पाहिलं (लिंक पाठवलीत ते बरं केलंत). राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), महेश्वरचा घाट, सराफ्यातली रात्रीची जिलबी, एक पाळीव मांजर, आणि शेवटी कोपऱ्यात एका मुंजीचे सहा फोटो. फोटो चांगले आहेत. पण मुलाची मुंज ठरलेली बाई हे पान बघून फोन का करील? तिला गेरीतला गुलाल नको आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी भाच्याची मुंज झाली. फोटोग्राफर चांगला, महागडा, ड्रोन घेऊन आलेला. मातृभोजनाच्या वेळी माझी वहिनी मुलाला शेवटचा घास भरवत होती, डोळे भरून आले होते, आणि हा पठ्ठ्या मागे दिवे लावत होता. सगळं आटोपल्यावर येऊन म्हणतो, "भाभीजी, एक बार और खिला दीजिए, पोज बनाकर." दुसऱ्यांदा भरवलेल्या घासाचा तो फोटो अल्बममध्ये आहे. वहिनी त्यात हसते आहे. ती त्या पानावर कधी थांबत नाही.

त्याला दोष तरी काय देणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण तुमच्या मुलीला सांगावं लागत नाही. अंतरपाट दूर होतो तेव्हा कुठे उभं राहायचं, कानपिळीला नवरीचा भाऊ कुठून येणार, झालीच्या वेळी वधूच्या आईचा चेहरा कुठल्या बाजूने दिसेल, हे ती लहानपणापासून बघत आली आहे. म्हणून "सर्व प्रकारची फोटोग्राफी केली जाईल" ही पाटी तिने उतरवावी. पहिली दोन वर्षं मुंज, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत आणि मराठी लग्न एवढंच सांगावं. इंदूरची मराठी वस्ती एवढ्यावर पोट भरण्याइतकी मोठी आहे का, असं तुम्ही विचाराल. एकट्या तिच्यावर नाही भरणार. पण आपल्याकडे हल्ली निम्म्या लग्नांत एक बाजू हिंदी बोलणारी असते. एका मंडपात दोनशे मराठी आणि तीनशे अग्रवाल-जैन पाहुणे असले की पुढचं काम कुठून येईल सांगता येत नाही.

काम संपल्यावर काय करायचं, ते मुलीने नीट ऐकावं. कार्य झालं की दोन दिवसांच्या आत पंधरा-वीस निवडक फोटो घरच्या बाईच्या व्हॉट्सॲपवर गेले पाहिजेत, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घालून. अल्बम दीड महिन्याने आला तरी चालेल. घरात अजून लाडू उरलेले असतात, मामा-मावशा गावी पोहोचून ग्रुपवर "फोटो कधी?" विचारत असतात, तेव्हा आलेला फोटो पन्नास घरांत फिरतो. महिन्याभराने आलेला कुणी उघडूनही बघत नाही. माझ्या माहितीतले कितीतरी चांगले हात इथेच मागे पडले. ते एडिटिंग करत बसले आणि उत्साह निवून गेला.

त्याच कार्यात केटररच्या पानाचा, मांडववाल्याच्या फुलांचा, मेकअप करणाऱ्या मुलीने नटवलेल्या नवरीचा एकेक फोटो काढून ज्याचा त्याला पाठवावा, फुकट. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला हॉलचा. ही माणसं रोज नव्या यजमानांना भेटतात. "तुमच्या ओळखीत कुणी फोटोवाला आहे का?" हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

मात्र एक सावधगिरी हवी, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे दुसऱ्याच्या नवरीचा फोटो आपल्या पानावर लावणं हा आपला हक्क नाही. बुकिंगच्या कागदावर एक ओळ घालावी: निवडक फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्यास संमती आहे किंवा नाही. आणि त्यापुढे सही. "नाही" म्हणणाऱ्याचा मान राखावा, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट निघतं. घरून काम करत असेल तर पत्ता झाकून फक्त "इंदूर" दाखवता येतं. अभिप्राय मागावेत, पण त्याबद्दल सवलत देऊ नये. गूगलच्या नियमात ते बसत नाही.

नात्यातल्या पाकिटांचं मला हसू आलं, कारण हे घरोघरी आहे. आत्याला नाही म्हणता येत नसेल तर म्हणू नका, पण बिल पूर्ण रकमेचं करा आणि खाली "घरची सूट" अशी ओळ लिहून रक्कम वजा करा. नाहीतर आत्या चारचौघांत सांगणार, "अगं, ती दोन हजारांत करते." आणि मुलीला हिशेब मांडायला लावा, बी.कॉम. आहे ना! समजा बारा हजार घेतले. अल्बम साडेतीन, मदतनीस दीड, जाणं-येणं पाचशे. उरले साडेसहा, आणि त्यात एक दिवस उभं राहणं आणि तीन दिवस एडिटिंग. हप्ता अजून धरलाच नाही.

स्टुडिओबद्दल साहेबांना सांगा, ही फोटोग्राफी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन होते. लागेल तेव्हा तासावर स्टुडिओ मिळतो.

राहिली नोकरी. आपल्याच इंदूरचं उदाहरण आहे. राजा दीनदयाळ 1866 मध्ये इथे बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. कॅमेरा हाती घेतला तो नोकरीत असतानाच. दुसरे तुकोजीराव होळकर हे त्यांचे पहिले आश्रयदाते. त्यांनी ओळख करून दिली सर हेन्री डेली यांच्याशी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, आणि तिथून कामाला काम लागत गेलं. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ओळखीतून ओळख निघेपर्यंत पगार चालू होता, एवढंच मला दाखवायचं आहे. तुमच्या मुलीने पूर्ण वेळ ऑफिसात परत जाऊ नये, मुहूर्त बुडतील. पण क्लॉथ मार्केटातल्या दोन-तीन दुकानांची जीएसटीची कामं घरी बसून केली तर हप्ता सुटेल. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा त्याच दुकानांच्या साड्यांचे फोटो काढायला मिळाले तर उत्तमच. तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा एक हंगाम असा काढू द्या, मग वही घेऊन मला भेटा. अनोळखी घरांतून आलेली कामं किती, तेवढंच मी बघेन.

आणि स्थळांना काय सांगायचं? फोटोग्राफर आहे म्हणून सांगा, आणि चहाबरोबर तिचं कार्डही द्या. सोयरीक जुळो न जुळो, त्या घरी लग्न तर निघालेलंच आहे.