वाणाच्या पिना आणि पेंडंट: आधी पाठ बघा

तुमच्या पिनांचे फोटो बघितले. मोराचा ठसा सुरेख उमटलाय, त्यामुळे तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. प्रश्न थोडक्यात असा, की शुभेच्छापत्रं करायचं सामान (स्टॅम्प, इंकपॅड, तापवली की वितळून ठशाला उठाव देणारी एम्बॉसिंग पावडर, कागदाच्या गोल चकत्या पाडणारा पंच) घरात पडून आहे, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ४० जणींना त्यातूनच केलेली पिन नाहीतर पेंडंट वाण म्हणून द्यायचं. नमुन्याला चार केल्या. दोन वाकल्या, तिसरीवर वार्निश फिरवताच शाई पसरली आणि चौथीची मागची पिन पदराला लावताना हातात आली. आता मैत्रीण म्हणतेय, सरळ रेझिन (वाळून काचेसारखा कडक होणारा द्रव) ओत.

रेझिनकडे नंतर येते. चारपैकी तीन पिना पाठीकडून बिघडल्या आहेत, पुढून नाही. आपण शुभेच्छापत्रं करणाऱ्या बायका सगळा जीव पुढच्या बाजूत ओततो, कारण कार्डाला पाठ नसते. दागिन्याला असते.

वाकण्याचं आधी. तुम्ही ३०० जीएसएमचा (म्हणजे कार्डाइतका जाड) एकच आयव्हरी कागद घेतलात आणि वरून वार्निशचे तीन हात दिलेत. ओल एकाच बाजूने शिरली, ती बाजू फुगली, वाळताना आकसली आणि चकती पापडासारखी वळली. कागद कितीही जाड घ्या, एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी म्हटलं की तो वळणारच. माझे सासरे साताऱ्याला बाइंडिंगचं काम करायचे. मी पहिली पिन मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात दिली, तर पुढून बघितलीच नाही. उलटी केली आणि विचारलं, "हिला अस्तर कुठंय?" पुठ्ठ्याला बाहेरून कापड चिकटवलं की आतून कागद लावावाच लागतो, तो काही शोभेसाठी नसतो. बाहेरून जेवढी ओढ, तेवढीच आतून लागते, म्हणून पुठ्ठा सरळ राहतो. पिनेचंही तेच. पुढे जो कागद, तोच मागे. पुढे वार्निशचे तीन हात, तर मागेही तीन.

तुमचा पंच जाड पुठ्ठा कापणार नाही, जबरदस्ती केलीत तर त्याची धार जाईल. त्यापेक्षा त्याच कागदाच्या चार चकत्या पाडून एकावर एक चिकटवा. ३०० जीएसएमचा एक थर साधारण ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे चारांचे मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास होतात आणि पिनेला तेवढं पुरतं. यात एक बारकावा आहे. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा. ओल लागली की कागद तंतूंना आडवा जास्त फुगतो. चकती गोल पाडली की दिशा कुठली ते कळायला मार्ग नाही. म्हणून पंच मारायच्या आधी अख्ख्या कागदाच्या मागे पेन्सिलीने एकाच दिशेत फिक्या रेघा ओढायच्या आणि चिकटवताना चारही चकत्यांच्या रेघा एका दिशेत ठेवायच्या. सगळ्यात मागच्या चकतीची रेघ मात्र आतल्या बाजूला येऊ द्या, नाहीतर वाणावर पेन्सिल दिसेल.

फेव्हिकॉल किती? पोळीला तूप लावतो तेवढं. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओढून पसरा. बाजूने पांढरं बाहेर आलं तर जास्त झालं. खालीवर बटर पेपर, वर चारपाच जाड पुस्तकं, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी कडा थोड्या पुढेमागे दिसतील, त्या २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चकती गोल फिरवत घासून घ्या. कड एकजीव झाली की हा एवढा जाड एकच तुकडा असावा असं वाटतं. कागदाच्या वस्तूला "घरी केलेली" न दिसता "केलेली" असं दिसायला हीच पायरी लागते, आणि नेमकी हीच सगळ्याजणी गाळतात.

कागद विकतच आणायला हवा असं नाही. जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांचा कागद जाड आणि खरबरीत असतो, रंगही छान असतात. फक्त सोनेरी फॉइलची किंवा लॅमिनेशनची बाजू घेऊ नका, तिच्यावर ना शाई धरते ना गोंद. आतली कोरी बाजू वापरा. गणपती मी आधी कापून वेगळा ठेवते. माझ्याकडे अशा गणपतींचा एक डबा भरलाय आणि त्याचं काय करायचं हे मलाही ठाऊक नाही.

आता शाई. यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी २५ बिल्ले करायचे होते. घरात कचेरीच्या शिक्क्याचं जांभळं पॅड होतं, त्यावर भागवलं. वाळल्यावर सगळं ठीक दिसत होतं. वर फेव्हिकॉलचं पाणी फिरवलं आणि डोळ्यादेखत एकेका फुलाभोवती जांभळा धूर पसरत गेला. पंचविसांवर. एक करून थांबले असते तर चोवीस वाचले असते. शिक्क्याची ती शाई पाण्यात सुटणारी असते आणि लवकर सुकू नये म्हणूनच बनवलेली असते. कार्डांसाठी मिळणारी बहुतेक डाय इंकही (कागदात मुरणारी शाई) पाण्याने सुटते. पिगमेंट इंक कागदावर बसून राहते, आत मुरत नाही, त्यामुळे ती वाळायला वेळ लागतो, उष्णता दिली की लवकर वाळते. वॉटरप्रूफ म्हणून विकली जाणारी, नाहीतर स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट इंक (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातली शाई) पाण्याच्या वार्निशखाली टिकते. पण वार्निशच जर सॉल्व्हंटचं असेल तर तीही हलू शकते.

हे पाठ करत बसू नका. कागदाची एक पट्टी घ्या, घरातल्या प्रत्येक पॅडचा एकेक ठसा त्यावर ओळीने उमटवा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्या ओळीला आडवे पट्टे मारा: एक पातळ फेव्हिकॉलचा, एक पाण्याच्या अ‍ॅक्रिलिक वार्निशचा, एक स्प्रेचा. कुठली जोडी जमते ते तिथेच दिसेल. माझी पट्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, नवीन पॅड आणलं की तिच्यात एक ठसा वाढतो. नेलपॉलिशचा पारदर्शक हात देऊ का, असं हमखास विचारलं जातं. नको. पुष्कळ शाया तो ओढून नेतो आणि काही महिन्यांत पिवळाही पडतो.

तुमच्याकडे एम्बॉसिंग पावडर आहे तर शाईचा प्रश्न निम्मा सुटतोच. एम्बॉसिंगच्या चिकट शाईने किंवा पिगमेंट इंकने ठसा घ्यायचा, ओला असतानाच पावडर भुरभुरवायची, उरलेली कागदावर झटकून परत बाटलीत ओतायची. त्याआधी कागदावर कापसाने नावापुरती टाल्कम पावडर फिरवा, म्हणजे सोनेरी कण भलतीकडे चिकटत नाहीत. मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं हत्यार. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही: तो वारा जास्त आणि ताप कमी देतो, पावडर उडून जाते. हीट गन नसेल तर तवा चांगला तापवून गॅस बंद करा आणि कागद चिमट्यात धरून तव्याच्या बोटभर वर ठेवा. सुरुवातीला काही होत नाही. रेघा बारीक रव्यासारख्या खडबडीत दिसत राहतात, आणि मग एका कडेने अचानक ओल्या होऊन चमकायला लागतात. ती चमक मोराच्या तुऱ्यापासून पिसाऱ्यापर्यंत सरकत जाताना दिसते. शेवटच्या टोकाला पोचली की लगेच बाजूला घ्या. आणखी तापवलंत तर पावडर कागदात मुरते आणि उठाव बसतो. हे सगळं वरच्या चकतीवर, ती बाकीच्या तिघींना चिकटवायच्या आधीच उरकायचं. पुस्तकांच्या वजनाने उठाव दबू नये म्हणून वर जुन्या टॉवेलची घडी ठेवा.

मग वार्निश. पातळ हात, दोन्ही बाजूंना, आणि मुख्य म्हणजे कडांना. कागदाच्या कापलेल्या कडेतून पाणी वातीसारखं आत चढतं. घामाने, दवाने फुगलेली पिन नेहमी कडेपासून उकलते, मधून कधीच नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे काम न केलेलंच बरं, दमट हवेत वार्निश दुधाळ होतं. तुमचं जानेवारीतलं आहे, त्यामुळे ती चिंता नाही.

आता ती निखळलेली पिन. फोटोत ती बरोबर मधोमध लावलेली दिसतेय आणि गोंदाचा एकच ठिपका आहे. मधोमध लावली की बिल्ला पुढे मान टाकतो. वरच्या तिसऱ्या हिश्शात आडवी लावा, म्हणजे खालचा भार त्याला कपड्याला टेकवून ठेवतो. झटपट चिकटणारा गोंद इथे उपयोगाचा नाही: तो ठिसूळ असतो, झटक्याने सुटतो आणि वार्निशवर पांढरी धूर धरतो. मोबाइलच्या काचा बसवणारे बी-७००० वापरतात, तो लवचिक राहतो. नाहीतर दोन ट्यूबांतलं मिसळायचं इपॉक्सी घ्या. पिनेची पट्टी आणि चकतीची ती जागा, दोन्ही आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यायच्या. आणि नुसत्या गोंदावर विसंबू नका. पट्टी चिकटवल्यावर तिच्यावरून त्याच कागदाची बोटभर रुंदीची पट्टी आडवी चिकटवा, लॉक आणि सुई तेवढी मोकळी ठेवून. पिन आता दोन कागदांच्या मध्ये अडकली. ती निघायची तर कागद फाटावा लागेल.

पदराचं एक सांगायलाच हवं. सहासात निऱ्यांची घडी या ब्रोचच्या सुईत मावत नाही, आणि मावली तरी रेशमी पदराला ओढून भोक पडतं. ४० जणींपैकी बऱ्याच जणी साडीला लावणार असतील तर मागे ब्रोच पिनेऐवजी कागदाच्या पट्टीखालून एक कडी काढा आणि ती मोठ्या साडीपिनेत ओवा. निऱ्या साडीपीन धरेल, तुमची चकती तिला नुसती लटकेल. तशीही कागदाची चकती वजनाला काहीच नसते, धातूच्या ब्रोचपुढे हा तिचा मोठा गुण आहे.

पेंडंटचं काम सोपं. भोक कडेपासून निदान ३ मिलिमीटर आत, आणि शेवटच्या वार्निशच्या आधी पाडायचं, म्हणजे भोकाची आतली भिंतही बंद होते. आयलेट (भोकाच्या कडेला बसणारं धातूचं गोल) बसवलात तर उत्तम. चप्पल-बॅगा दुरुस्त करणारे बसवून देतात. कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढू नका, एक पुढे आणि एक मागे अशी पिळून उघडा आणि तशीच मिटवा. ओढलेली कडी परत कधी गोल होत नाही आणि दोरा तिच्या फटीतून निसटतो.

रेझिनबद्दल माझं मत: या वेळी नको. ते वाईट म्हणून नव्हे. न झाकलेल्या कागदावर ओतलं की ते आत झिरपतं आणि वडा ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखे पारदर्शक डाग पडतात. जानेवारीच्या थंडीत इपॉक्सी रेझिन वाळायला जास्त वेळ घेतं, प्रमाण चुकलं तर चिकटच राहतं. शिवाय हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. अंगावर उठायला लागलं की पुढे दर वेळी उठतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने ४० नगांवर शिकू नये. काचेची चमक हवीच असेल तर २५ मिलिमीटरचे काचेचे अर्धगोल आणि त्यांच्या वाट्या तयार मिळतात. ठसा मागून पारदर्शक गोंदाने काचेला चिकटवायचा, मधून बाहेर दाबत हवा काढायची, की झालं. काच ठसा थोडा मोठा करून दाखवते, बारीक शिक्के तिथे खुलतात.

आणि एखादी नाक मुरडून "कागदाचा दागिना?" म्हणालीच, तर संक्रांतीच्या दिवशी तरी तिला उत्तर द्यायला तुम्हाला लांब जायला नको. हलव्याचे दागिने कशावर उभे असतात? पुठ्ठा, सोनेरी कागद आणि दोरा. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरचा मुकुट उलटा करून बघा, आत कागद-पुठ्ठाच निघेल.

सामानासाठी पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी. मुंबईत कागदाला अब्दुल रेहमान स्ट्रीट, कड्या-पिनांना भुलेश्वर. पिना घेताना पर्समध्ये छोटं चुंबक ठेवा. चिकटलं तर बहुधा आत लोखंड आहे, वरचा मुलामा उडाला की गंजून साडीला डाग पाडेल. पितळेला चुंबक चिकटत नाही. चाळीस हव्यात तर चार थरांच्या अठ्ठेचाळीस चकत्या धरा. चार वार्निशला जातील, चार तुमच्या हातून कुणालातरी आधीच दिल्या जातील. रथसप्तमीपर्यंत मुभा आहे, घाई करू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, की मोर ५ सेंटिमीटरचा आणि पंच ३२ मिलिमीटरचा, मग मोर बसवायचा कसा. अख्खा बसवूच नका. मोठ्या कागदावर ठसा आणि पावडरचं काम उरकून घ्या, मग पंच उलटा धरून त्याच्या गोलातून खाली बघत सरकवत जा. मान, तुरा आणि डोळा गोलात आले की दाबा, ती पिनेची चकती. दुसऱ्या ठशातून पिसाऱ्याचा एकच डोळा जरा बाजूला सरकवून पकडा, ते पेंडंट. शिक्का एकच, पण बायकांना नमुने दोन दिसतील आणि तबकातून कुठलं उचलावं यावर हळदीकुंकू लांबेल.