झोपाळा माहेरीच टांगा, घंगाळ घेऊन या

पुण्यात भाड्याच्या टू-बीएचकेत राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आहे. माहेर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात. गणपतीला त्या गावी जाणार आहेत आणि गावात एक जुना वाडा उतरवला जातोय. तिथला सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट 22,000 ला मिळतोय. शिवाय घंगाळ, दोन समया आणि हंडा मिळून 16 किलो पितळ 650 रुपये किलोने, म्हणजे 10,400 ला. बोनस दिवाळीत येईल. तोवर हाताशी आहे ती 1,50,000 ची एफडी, आणि घरखर्च महिन्याला 50,000. 'शोरूमच्या निम्म्यात पडतंय, मग ही बचतच ना? एफडी मोडू का?' असा त्यांचा प्रश्न.

ताई, एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडल्यावर व्याजात अर्धा-एक टक्का कापला जातो, पण खरी अडचण ती नाही. तीन महिन्यांची शिदोरी आधीच तोकडी आहे, सहा महिन्यांची हवी. तिच्यातून शोभेच्या वस्तू घ्यायच्या नाहीत. क्रेडिट कार्डाचा विचार असेल तर तोही सोडा: थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. तेवढ्यात स्वस्त मिळालेला झोपाळा महाग होतो.

आता दोन्ही वस्तू वेगवेगळ्या तोलू, कारण त्यांचा पैशाचा स्वभाव वेगळा आहे.

पितळ तुम्ही वजनावर घेताय. उद्या नको झाले तर भांड्यांच्या दुकानात मोडीच्या भावाने जाते. मोडीचा भाव 500 धरला तर 16 किलोचे 8,000 परत येतात. म्हणजे हौसेची किंमत 2,400. हे घ्या. मात्र निघण्याआधी बेळगावात खडेबाजारातल्या दोन दुकानांत मोडीचा त्या दिवसाचा भाव विचारा. तुमचा 650 आणि तो भाव यांत दीडशेच्या वर अंतर असेल तर घासाघीस करा.

वजन करताना सोबत लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. घंगाळाच्या कड्या बऱ्याचदा लोखंडी असतात. तेवढे वजन वजा करायला सांगा. समईचा दांडा पोकळ असेल तर आत लोखंडी सळई किंवा राळ भरलेली आहे का, ते उलटा करून पाहा. समईचे भाग फिरवून सुटे करा. आटे झिजले असतील तर ती डुगडुगते, आणि पेटत्या वातीची डुगडुगती समई घरात नको. घंगाळाचा तळ उजेडासमोर धरा. टाचणीएवढे भोक दिसले तरी डाग द्यावा लागेल. डाग दिलेले घंगाळ फुलांचे पाणी ठेवायला चालून जाईल. हंडा स्वयंपाकासाठी वापरणार असाल तर आधी कल्हई करून घ्या.

झोपाळ्याचे गणित उलटे आहे. पाट 5 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड इंच जाड असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे सव्वा घनफूट लाकूड, वजन साधारण 23 किलो. वखारीत सागवान 4,000 रुपये घनफूट असेल तर लाकूड 5,000 चे. चार कड्या मिळून 12 किलो भरल्या तर मोडीने 6,000. मालाची किंमत 11,000 आणि उरलेले 11,000 जुनेपणाचे. जुनेपणाला किंमत नसते असे नाही, पण ती वसूल करायला तुमच्यासारखीच हौशी गिऱ्हाईक शोधावी लागते.

आणि 22,000 हा खानापुरातला भाव झाला. पुण्यात टांगेपर्यंतचा हिशोब मांडा. आगगाडीत स्लीपरला 40 किलोपर्यंत सामान फुकट नेता येते, पण 5 फुटी पाट डब्यात बसत नाही. तो पार्सलने किंवा टेम्पोने न्यावा लागेल. टेम्पोतल्या जागेचे 4,500, घासून पॉलिशचे 3,500, बसवायचे 6,000 धरले तर आकडा 36,000 वर जातो. एवढे करून घर भाड्याचे. झोपाळ्याचे हूक फॉल्स सीलिंगमध्ये चालत नाहीत, थेट स्लॅबमध्ये पक्के करावे लागतात. दोन माणसे बसून झोका घेतात तेव्हा भार नुसत्या वजनाहून जास्त पडतो. घरमालक स्लॅबला चार भोके पाडू देईल का, आणि दिलीच तर डिपॉझिटमधून किती कापेल, ते आधी लेखी विचारा. घर बदलताना हा सगळा खर्च पुन्हा आहेच.

तो सागवानीच आहे, हेही गृहीत धरू नका. त्या पट्ट्यात जुन्या घरांना फणस, किंदळ, जांभा या झाडांचे लाकूडही सर्रास वापरलेले असते, आणि गडद पॉलिशखाली सगळी सारखीच दिसतात. पाट उलटा करून न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ब्लेडने चिमूटभर खरवडा: सागवान सोनेरी तपकिरी निघते, बोटाला किंचित तेलकट लागते आणि चामड्यासारखा वास येतो. कडेचा फिकट पांढरा भाग कीड आधी खाते. तिथे बारीक भोके आणि ताजी पिवळसर भुकटी दिसली तर आत कीड जिवंत आहे. भोके जुनी, भुकटी नाही, सुई आत जात नाही, तर चिंता नको.

माझे मत असे की झोपाळा आवडलाच असेल तर दिवाळीच्या बोनसमधून घ्या आणि भावाच्या पडवीत टांगा. तुळईला हूक बहुधा असतीलच, टेम्पोही वाचतो. स्वतःचे घर झाल्यावर न्या. फक्त भावाशी आणि वहिनीशी आत्ताच बोलून ठेवा की तो कोणाचा. दहा वर्षांनी हा प्रश्न झोपाळ्याहून महाग पडतो.

पितळाचे 10,400 सुद्धा गणपतीत द्यायलाच हवेत असे नाही. मालकाला हजार रुपये विसार द्या, बाकी भाऊबीजेला. मालकाने नाही म्हटले तरी धीर धरा. धनत्रयोदशीला लोक मोड देऊन नवे भांडे घेतात, त्यामुळे त्यानंतरच्या आठवड्यात दुकानात जुने पितळ पडून असते. ते भट्टीत जाण्याआधी निवडून घेता येते.

सौदा भावाला करू द्या. दाराशी एमएच 12 ची गाडी उभी राहिली की भाव चढतो, बेळगावच्या केए 22 ला तो तेवढाच राहतो. वाडा सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांची साधी पावती घ्या, वजन आणि वर्णन लिहून. नंतर एखादा चुलता 'आमची समई' म्हणत येऊ नये. देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड कोणी स्वस्तात पुढे केला तर हात लावू नका. शंभर वर्षांवरच्या मूर्तींना 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. आणि वाड्याचे सुटे वासे, फळ्या 'सोबत घेऊन जा' म्हणतील, तर वनखात्याच्या नाक्यावर वाहतूक परवाना विचारतात, हे लक्षात ठेवूनच हो म्हणा.