माळावरचा कोळी आणि नावाची घाई

हा कोळी कोणता, असं विचारत तू पाठवलेला फोटो पाहिला. आटपाडीच्या माळावर बोरीच्या काट्यांत मळक्या फडक्यासारखं अडकलेलं ते घरटं एका कोळ्याचं नाही, अख्ख्या गोतावळ्याचं आहे. कुळ एरेसिडी, वंश स्टेगोडायफस, इथवर मी पैजेवर सांगतो. टोळीनं राहतोय म्हणजे जात बहुधा सारासिनोरम. वहीत मात्र ‘बहुधा’सकटच लिही.

रंगावर जाऊ नकोस. धूळ बसली, कात टाकली की कोळी वेगळाच दिसतो. पहिल्या वर्षी मी एकाच जातीला तीन नावं देऊन बसलो होतो! आधी भिंगातून डोळे बघ. मधले चार एकमेकांजवळ आणि कडेचे चार लांब कोपऱ्यांत, तर एरेसिडी. त्याच माळावर जमिनीवर पळणारा लांडगा कोळी भेटेल. त्याचे पुढे ओळीत चार बारके, वर दोन टपोरे, मागे आणखी दोन. रात्री कपाळाला बॅटरी लावून फिर, गवतात त्याचे डोळे हिरवट ठिणग्यांसारखे चमकतात.

जात पक्की होते ती जननेंद्रियांवरून: मादीच्या पोटाखालची एपिगाइन, नराच्या तोंडाशेजारच्या पाल्पची, म्हणजे पायासारख्या छोट्या अवयवांची, फुगीर टोकं. पिल्लांत ती तयार झालेली नसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस.

मेलेला कोळी सापडला तर 70 टक्के अल्कोहोलात ठेव. आत चिठ्ठी: गाव, तारीख, झुडूप. पेन्सिलीनंच. माझी पेनानं लिहिलेली अक्षरं महिन्याभरात धुऊन गेली.

आणि घरटं उसवू नकोस. आत माद्या पिल्लं सांभाळतात, शेवटी स्वतःचं शरीरही त्यांना खाऊ घालतात.