आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत आलेत, त्यांना ४ दिवसांच्या क्रूझला न्यायचंय तर कागदपत्रं काय लागतील?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा साताऱ्याहून ह्यूस्टनला आलेत, गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाची क्रूझ बघताय आणि ऑफिसातला एकजण म्हणाला की बोट जिथून सुटते तिथंच परत येते म्हणून पासपोर्ट लागत नाही. तो खोटं बोलत नाहीये हो, स्वतःपुरतं बोलतोय. ही सवलत अमेरिकन नागरिकांची आहे, तुमच्या आई-बाबांची नाही.

आम्ही दोघं सांगलीचे, विश्रामबागला राहतो, लेकीकडे गेलो होतो तेव्हा हीच ट्रिप केली. नातू ३ वर्षांचा, तिकडं जन्मलेला, तो नुसत्या जन्मदाखल्यावर बोटीत चढला आणि मी आजोबा दोन-दोन पासपोर्ट छातीशी धरून लायनीत उभा!

दोन कशाला ते सांगतो. आपल्या लोकांना बी१/बी२, म्हणजे हा टुरिस्ट व्हिसा, बहुतेक १० वर्षांचा मिळतो, मधेच पासपोर्ट संपतो, मग नवा काढला की जुन्याचा कोपरा कापून देतात पण व्हिसा त्या जुन्यातच राहतो आणि तो चालतोही, फक्त दोन्ही पुस्तकं बरोबर पाहिजेत. आमच्या हिनं जुना "रद्द झालाय की" म्हणून मोठ्या बॅगेत टाकला आणि ती बॅग टर्मिनलवर पोर्टरनं घेतली, एकदा दिली की ती थेट संध्याकाळी खोलीशी येते. नशीब गाडा हलला नव्हता, जावई पळत गेला आणि भर उन्हात सगळ्यांसमोर बॅग उघडून साड्या उपसल्या. तेव्हा पासपोर्ट खांद्यावरच्या पिशवीत, समजलं का.

आता व्हिसा उघडून 'एन्ट्रीज'खाली काय आहे बघा, 'एम' असेल तर कितीही वेळा आत येता येतं. एकच एन्ट्री असली तर बेत सोडा, बोटीनं गेलात तरी देशाबाहेर गेलातच की, परत कशावर येणार? मेक्सिकोचं सोपं आहे, अमेरिकेचा व्हिसा चालू असला की त्यांचा वेगळा लागत नाही. पण हे सगळीकडे धरून चालू नका, सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या बोटी बऱ्याचदा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, त्याला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. "आम्ही खाली उतरणारच नाही" हे चढताना कोणी ऐकून घेत नाही, कागद अपुरा असला तर तिथूनच परत आणि पैसे पण जातात.

तुमचा स्वतःचा एच१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा आहे म्हणालात, पासपोर्टवरचा त्याचा स्टॅम्प संपलाय का? संपला असेल आणि आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ती सरकारी नोंद) चालू असेल तर मेक्सिकोहून ३० दिवसांच्या आत परत घेतात, पण ते कॅनडा आणि मेक्सिकोपुरतंच. बहामाज, जमैका त्यात नाही, ती बेटांची सोय एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना वगैरे आहे. शिवाय मेक्सिकोची मघाची सवलत चालू व्हिसावरच आहे, म्हणून बुकिंगआधी क्रूझ कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या, फोनवरचं नको.

आणि हो, काहीजण सांगतील चार दिवस बाहेर जाऊन आलं की राहायला नवे सहा महिने मिळतात. त्या भरवशावर परतीचं तिकीट पुढं ढकलू नका, अशा छोट्या ट्रिपनंतर बऱ्याचदा जुनीच तारीख राहते. परत आल्यावर आय-९४ ऑनलाइन काढून बघायचं.

बुकिंगला नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ते गाळलं की काउंटरवर उगाच वाद.

खायचं म्हणाल तर सीलबंद पाकीट बहुतेक बोटींवर चालतं, घरचं नाही. आमचं भडंग गेलं. तुमच्याकडचे कंदी पेढे डब्यात असतील तर गॅल्व्हस्टनला गाडीतच संपवा.