नवस तुमचा, पाचारण त्याचं

प्रश्न : सर, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात जन्मला, बारा दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हा मी नवस बोलले, वाचला तर त्याला फादर करीन. हे त्याच्या वडिलांशिवाय कुणाला माहीत नाही. मुलगा गुणी आहे, वेदीवर सेवा करतो, गणितात हुशार आहे. पण या विषयावर स्वतःहून बोलत नाही. वडील म्हणतात, एकुलता एक आहे, हा विषय घरात काढायचा नाही. त्याच्या मनात हे कसं भरवू? आत्ताच सेमिनरीत, फादर होण्याच्या शिक्षणाला, पाठवावं का? पुढे विषय कोणते घ्यायला लावू? बायबलमधल्या हन्नानेही शमुवेलला देवाला वाहिलंच होतं ना?
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडलो. ‘भरवू’. घास भरवतात तो मूल स्वतःच्या हाताने जेवायला लागेपर्यंत. तुमचा मुलगा सोळाचा आहे.

हन्नाचं नाव काढलंत ते बरं झालं. फक्त तिची गोष्ट तुम्ही पहिल्या अध्यायातच थांबवलीत. नवस तिथे आहे. देवाची हाक आहे तिसऱ्या अध्यायात, आणि ती पोराला आली. रात्री शमुवेल तीनदा उठून मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावला, ‘तुम्ही बोलावलंत ना?’ दोनदा एलीने त्याला परत निजायला पाठवलं. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की हाक मारणारा दुसराच कुणी आहे, तेव्हा त्याने उत्तर कसं द्यायचं तेवढं सांगितलं. पुढे काय ऐकू येईल ते सांगितलं नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्या रात्रीच्या गोष्टीत हन्ना कुठेच नाही. ती वर्षातून एकदा यायची, त्याच्यासाठी शिवलेला लहानसा झगा घेऊन. दरवर्षी नवा झगा, म्हणजे दरवर्षी बदललेलं माप.

मी स्वतः पाच वर्षं सेमिनरीत काढून बाहेर पडलेला माणूस आहे, म्हणून थोडं घरचं सांगतो. दीक्षेच्या वेळी नव्या धर्मगुरूच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ते ज्या पांढऱ्या कापडाने टिपतात ते आईला द्यायची जुनी रीत आहे. आई गेली की तिच्या हातात देऊन तिला पुरतात. माझ्या आईने मी दुसऱ्या वर्षाला असतानाच हे कापड भरून ठेवलं. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने क्रूस, खाली माझं नाव, नावाखाली तारखेपुरती सोडलेली जागा. सुटीत घरी आलो की कपाटाच्या वरच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासात ते ठेवलेलं दिसायचं. आपली जागा इथे नाही हे मला तिसऱ्या वर्षी कळलं होतं. पुढची दोन वर्षं मी त्या मोकळ्या सोडलेल्या जागेसाठी काढली. आई त्याबद्दल एका शब्दाने कधी बोलली नाही. आयांना बोलावं लागतच नाही.

आता तुमचा नवस. पत्रातली ही सगळ्यात जड गोष्ट, आणि सुटायला सगळ्यात सोपी. १९८३ च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, ११९३ वं कलम सांगतं की नवस फक्त तो करणाऱ्याला बांधतो. म्हणजे त्या बारा दिवसांत तुम्ही काहीही बोलला असलात तरी त्यातलं मुलाकडे काहीच थकलेलं नाही. राहिला तुमच्या मनावरचा भार. रास्त कारण असेल तर खासगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसराच्या, प्रमुख धर्मगुरूंना आहे (कलम ११९६), त्यासाठी बिशपांपर्यंत जावं लागत नाही. तेव्हा एकट्या जा आणि त्यांना सगळं सांगा. मुलाला मात्र हे आत्ता सांगू नका. आपला जीव कशाच्या तरी बदल्यात वाचला हे ज्याच्या कानावर पडलंय, तो उद्या ‘हो’ म्हणाला, तर ते ‘हो’ आहे की परतफेड, हे त्याचं त्यालाही कळणार नाही.

आणि चर्चला अशी परतफेड चालत नाही. कलम १०२६ प्रमाणे कुणालाही, कुठल्याही कारणाने, कुठल्याही मार्गाने दीक्षा घ्यायला भाग पाडणं पूर्ण निषिद्ध आहे. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावं लागतं की हे मी आपखुशीने करतोय. टाइप केलेला कागद कायद्याला पुरत नाही. आईच्या अक्षरातला तर नाहीच.

सेमिनरीची घाई तुम्हाला आहे, चर्चला नाही. धर्मगुरू व्हायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालची पायरी, आणि त्या दोन्हींमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सहा वर्षांचा अभ्यास, आणि रोमने २०१६ मध्ये काढलेल्या नियमावलीप्रमाणे त्याच्याही आधी एक ते दोन वर्षं निव्वळ तयारीची. तुमचा मुलगा उद्या निघाला तरी नऊ वर्षं कुठे गेली नाहीत. शाळकरी मुलांसाठी छोट्या सेमिनरी असतात, हे खरं. मुलगा स्वतः मागत असेल तर तिथली चौकशी जरूर करा. आई मागत असेल तर थांबा.

विषयांबद्दल मी जास्त शाई खर्च करणार नाही. गणित आवडतं, गणित घेऊ द्या. विश्व प्रसरण पावतंय ही मांडणी १९२७ मध्ये करणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र धर्मगुरू होते. त्यांनी आधी गणितात डॉक्टरेट घेतली, मग ते सेमिनरीत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. उलट जाँ-मारी व्हियानी लॅटिनमध्ये इतके कच्चे की अभ्यास जेमतेम रेटत त्यांनी १८१५ मध्ये दीक्षा मिळवली, आणि आज तेच धर्मग्रामातल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत.

मार्कांपेक्षा सेमिनरीत वेगळंच बघतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ च्या पत्रात घडणीच्या चार बाजू सांगितल्या आणि माणूस म्हणून होणारी घडण हा बाकी सगळ्याचा पाया मानला. तेव्हा वेदीवर तो किती नीट उभा राहतो ते सोडा, घरी बघा. भांडण झालं की परत बोलायला कोण येतं? हरल्यावर काय करतो? मोबाइलशिवाय एकटा बसू शकतो का? तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येतं का त्याला? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवीन. ज्याला आईला नाही म्हणता येत नाही, तो बिशपांना दिलेलं आज्ञापालनाचं वचन भीतीने पाळेल. ब्रह्मचर्याचंही तसंच. ‘आमचा मुलगा मुलींकडे मान वर करून बघत नाही’ असं आया मला कौतुकाने सांगतात. ती पात्रता नव्हे; कधीकधी ती नुसती भीतीच असते.

मग आईने काहीच करायचं नाही का? करायचं आहे, भरपूर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या आदेशात पाचारण, म्हणजे देवाची हाक, जोपासणं हे सगळ्या ख्रिस्ती समाजाचं कर्तव्य म्हटलं, आणि श्रद्धेने जगणाऱ्या घराला जणू पहिली सेमिनरी. त्या पहिल्या सेमिनरीत मिस्साहून परतल्यावर प्रवचनाचं जे शवविच्छेदन चालतं, ते आधी बंद करा. फादरांचं चुकलं तर चुकलं म्हणा, पण त्यांच्या गाडीवर, घड्याळावर, आवाजावर चाललेले विनोद ऐकत वाढलेला मुलगा त्या वाटेकडे कशाला बघेल? पाचारणासाठी प्रार्थना करा, पण त्याचं नाव घालून, त्याला ऐकू जाईल अशी नको.

त्याला फादरांचा आडवारचा दिवस दिसू द्या. रविवारी सगळ्यांना झगा दिसतो. मंगळवारी तोच माणूस हिशेबाच्या वह्या घेऊन बसतो, दुपारी दवाखान्यात कुणाच्या उशाशी असतो, संध्याकाळी दोन भावांच्या वाटणीत सापडतो आणि रात्री एकटा जेवतो. हे पाहूनही ज्याचं मन तिकडे ओढ घेतं, त्याच्याशी पुढचं बोलण्यात अर्थ आहे. एक मात्र स्पष्ट सांगतो : मुलगा अजून सज्ञान नाही. कुणाही धर्मगुरूंबरोबरच्या भेटी तुम्हाला माहीत असलेल्या, उघड्या जागी, इतरांच्या देखत व्हाव्यात. हे विचारायला संकोच वाटून घेऊ नका. चर्चने या बाबतीत फार मोठी किंमत मोजलीय आणि चांगल्या धर्मगुरूंना या प्रश्नाचा राग येत नाही.

वडिलांशी वाद घालू नका. कलम १०२६ चा उरलेला अर्धा भाग त्यांच्यासाठी आहे : योग्य उमेदवाराला दीक्षेपासून परावृत्त करणंही तितकंच निषिद्ध. पण हे कलम त्यांच्या तोंडावर फेकायला देत नाही मी. पुढे संत झालेला थॉमस अक्वायनस डॉमिनिकन संघात निघाला तेव्हा घरच्यांनी त्याला सुमारे वर्षभर अडकवून ठेवलं होतं. मोठ्या मठाचा प्रमुख झाला असता तर त्यांना चालणार होतं, भिक्षेवर जगणारा संन्यासी नको होता. तुमच्या यजमानांचं दुःख याहून साधं आहे : घर पुढे चालणार नाही, म्हातारपणी दार कोण उघडेल. ते त्यांना बोलू द्या.

शेवटी मुलाला विचारायचं कसं. एकदाच विचारा, समोरासमोर बसवून नको, कुठेतरी बरोबर चालत असताना. ‘फादर व्हावं असं कधी मनात येतं का रे तुझ्या?’ ‘हो’ म्हणाला, तर धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) पाचारणाचं काम पाहणाऱ्या फादरांना तुम्ही दोघे नवरा-बायको त्याच्यासह भेटा. धर्मप्रांताचा धर्मगुरू होणं आणि येशूसंघासारख्या एखाद्या संघात जाऊन दारिद्र्याचंही व्रत घेणं यातला फरक ते समजावतील. ‘माहीत नाही’ म्हणाला, तर सोळाव्या वर्षाचं हे अगदी बरोबर उत्तर आहे. ‘नाही’ म्हणाला, तर ‘बरं’ म्हणा आणि चालत राहा. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. तेवढ्यासाठीच नवसाचं आधी फादरांकडे उरकून या आणि मग विचारा. आधी विचारलंत, तर तुमचा चेहरा तुमचं ऐकणार नाही.