कारागृहात विणकाम शिकला, पण बाहेर आल्यावर काय?

शिक्षा भोगणाऱ्यांच्या कुटुंबीयांशी बोलताना एक काळजी वेगवेगळ्या शब्दांत सतत कानावर येते. आत सतरंजी विणायला, शिवायला किंवा भरतकाम करायला शिकलेला माणूस सुधारला असे समजावे का, आणि त्या हुन्नरावर बाहेर त्याचे पोट भरेल का? सातारा जिल्ह्यातल्या एका मावशींनी ती फार नेमक्या शब्दांत मांडली होती. “ताई, पोरगा जेलात सतरंज्या विणतोय. साहेब लोक म्हणतात चांगला कारागीर झालाय. पण कारागीर झाला म्हणजे माणूस झाला का?” त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी इथे बदलले आहेत.

दारूच्या नशेत झालेल्या भांडणात एकाचा जीव गेला आणि सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात मावशींच्या मुलाला सक्तमजुरीची शिक्षा झाली. मध्यवर्ती कारागृहाच्या कारखान्यात त्याला हातमागाचे काम मिळाले. मावशींची तक्रार अशी होती की दोन एस.टी. बदलून मुलाखतीला जावे, तर हा घरची विचारपूस उरकतो आणि सतरंजीच्या काठांबद्दल बोलत राहतो. भरीस भर म्हणून, “आता सुई-दोराही हातात घेणार काय?” अशी थट्टा दिरांनी चालवली होती.

तो काठांबद्दल नेमके काय बोलतो, हे मी मावशींकडून समजून घेतले. आडवा धागा घट्ट ओढला की काठ आत खेचला जातो आणि सतरंजी मधेच अरुंद होते, म्हणून धागा किंचित सैल, कमानीसारखा टाकून मग पंजाने, म्हणजे दातेरी हत्याराने, ठोकावा लागतो. चूक लक्षात येईपर्यंत बरेच विणून झालेले असते. एकदा अशी हातभर वीण त्याने कोणी न सांगता उसवली आणि पुन्हा घातली, हे तो आईला काचेपलीकडून इंटरकॉमवर सांगत होता. बाहेर असताना हाच मुलगा कोणी चूक दाखवली की हत्यार टाकून घरी निघून येई आणि त्याच कारणाने त्याने गॅरेजमधली दोन कामे सोडली होती. त्यामुळे काठांच्या त्या बोलण्यात मला टाळाटाळ दिसली नाही. वकील, तारीख आणि अपील यांच्यापलीकडचे काहीतरी आईला सांगावे असे त्याला प्रथमच वाटत होते, आणि त्याला स्वतःला कदाचित ते कळतही नव्हते.

मात्र मावशींना मी हेही स्पष्ट सांगितले की सतरंजी विणल्याने दारू सुटत नाही. आत ती सहज मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि खरी परीक्षा सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होते. तसेच, ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांविषयी मुलाच्या मनात काय आहे, हा प्रश्न माग सोडवत नाही. हस्तकलेविषयी लिहिणारे पुष्कळ लोक इथे भाबडे होतात. एकोणिसाव्या शतकात येरवडा, आग्रा आणि लाहोरच्या तुरुंगांत विणलेले गालिचे विलायतेपर्यंत विकले जात. त्या उत्पन्नाचा सरकारला उपयोग झाला, पण त्यामुळे विणणारे सुधारले असे कोणी म्हणू नये. काम शिक्षेचा भाग म्हणून लादलेले आहे की त्यात माणसाला थोडीफार निवड आणि वस्तू पूर्ण केल्याचे समाधान आहे, यावर बरेच अवलंबून असते.

दिरांच्या थट्टेचे उत्तर त्या मानाने सोपे होते. ब्रिटनमध्ये लेडी अ‍ॅन ट्री यांनी १९९७ साली स्थापन केलेल्या ‘फाइन सेल वर्क’ या संस्थेमार्फत कैदी कोठडीत बसून बारीक भरतकाम करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात. त्यांत बहुसंख्य पुरुष आहेत.

मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा मावशी गप्प झाल्या. मुलगा मजुरीतून अधूनमधून मनीऑर्डर करत असे, पण त्यांनी ते पैसे खर्च न करता डब्यात ठेवले होते, कारण त्यांना ते पापाचे वाटत होते. कैद्यांना न्याय्य मजुरी मिळावी आणि तिच्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची तरतूद राज्यांनी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले आहे. ही रक्कम कष्टाची आहे आणि तिच्यात पीडितांचाही विचार धरलेला आहे, हे समजल्यावर त्यांच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके झाले. पुढच्या मुलाखतीत त्यांनी मुलाला सांगितले की त्या पैशांतून घराचे पत्रे बदलले. त्यानंतर तो घराविषयी आपणहून विचारू लागला.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. तिथे मी कुटुंबांना आशा दाखवत नाही. हातमागावर पिढ्यानपिढ्या विणणाऱ्यांनाच तो धंदा परवडेनासा झाला आहे, सोलापूरची चादर यंत्रमागावर निघते, आणि दोन खोल्यांच्या घरात माग मांडायला जागा नसते. म्हणून शिक्षा संपण्याच्या बऱ्याच आधी आम्ही मुलाला पत्राने सुचवले की कारागृहात शिवणाचे प्रशिक्षण असेल तर तेही मागून घ्यावे, आणि प्रमाणपत्र बाहेरच्या प्रशिक्षण संस्थेच्या नावाने मिळेल का, याची कल्याण अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. घरच्यांनीही सुटकेची वाट न पाहता व्यसनमुक्ती केंद्राची वेळ ठरवून ठेवावी, असा माझा आग्रह होता. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो. आपल्या जवळपास असे काही आहे का, हे कुटुंबाने आधीच शोधलेले बरे.

सुटल्यावर तो पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवणाऱ्या दुकानात लागला. मालकाला त्याने पहिल्याच दिवशी शिक्षेविषयी सांगितले. सांगावे की न सांगावे यावर आमची बरीच चर्चा झाली होती आणि निर्णय त्याचा होता. मधे एकदा तो पुन्हा प्यायला, दोन दिवस कामावर गेला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच केंद्रात आला. मावशींनी हे मला फोनवर घाबरत सांगितले. मी त्यांना विचारले की नोकरी सोडली का. “नाही,” त्या म्हणाल्या, “मालक बोलले त्याला. तरी गेला परत.”