हरिहर गडावर पहिल्यांदा ट्रेकचा लीडर म्हणून जाताना

पुढे पळतो तो लीडर, हे आधी डोक्यातून काढ. वाट माहीत असलेला एक जण पुढे ठेव, एक भरवशाचा शेवटी, आणि तू मधे फिरता राहा.

हरिहरच्या त्या उभ्या कातळपायऱ्या बघून नवख्यांचे पाय लटपटतात. पण खोबण्या धरून, कोरड्या दिवशी, एकेकाने चढलं तर भीती वाटते तितका धोका नसतो. उलट पावसाळ्यात घोटाभर वाटणारा ओढा कुणालाच भीतीदायक वाटत नाही, आणि माणसं तिथेच वाहून जातात. वाटणारा धोका आणि खरा धोका यांतला हा फरक ओळखणं हेच तुझं मुख्य काम. पहिला थोडा राहू दे, शिकणं त्यातूनच होतं. दुसऱ्याला मात्र जागा देऊ नकोस. ओढा फुगला की परत फिर, कुणी कितीही कुरकुरलं तरी.

नेतृत्वाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं म्हणणं असं की नेतृत्वाची पद्धत समोरच्याच्या तयारीवर ठरते. नवख्याला पाय कुठे ठेवायचा ते नेमकं सांग. मुरलेल्याला जबाबदारी दे आणि गप्प बस. (हे गप्प बसणं मला अजून जमत नाही.) पायऱ्यांवर मात्र चर्चा नको, तिथे हुकूमच चालतो.

उतरल्यावर पोह्यांच्या प्लेटवर अर्धा तास काढ. शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र हेच: अनुभव, त्यावर विचार, त्यातून नियम, मग पुन्हा प्रयोग. भाषण देऊ नकोस. फक्त विचार, ‘कुठे घाबरलात?’